विश्लेषण : दगडांखालचा बर्फ नकाशावर आणणारे गॉडविन-ऑस्टेन कोण होते?

‘के-टू’ हे जगातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर (८,६११ मीटर). हेन्री गॉडविन-ऑस्टेन यांचे नाव आजही या शिखराशी जोडले जाते. त्यांचे मोठे काम मात्र शिखराच्या पायथ्याशी झाले. काराकोरमच्या कोरड्या पर्वतरांगांतील हिमनद्या त्यांनी नकाशावर आणल्या.

सैनिक ते सर्वेक्षक

जन्म ६ जुलै १८३४ रोजी इंग्लंडमधला. वडील भूगर्भशास्त्रज्ञ. सँडहर्स्टच्या लष्करी शाळेतून ते सैन्यात गेले, ब्रह्मदेशातील युद्धात होते. पुढे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दाखल होऊन काश्मीरच्या मोजणीत उतरले.

बाल्टोरोवर काय केले?

१८६१ मध्ये बाल्टी हमालांसह ते बियाफो, पनमाह आणि बाल्टोरो या हिमनद्यांवर गेले. साधन होते प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा सपाट फळा आणि त्यावर कागद. ठाऊक असलेल्या जागांवरून एकाच शिखराकडे रेषा काढायच्या. त्या छेदतात तिथे ते शिखर.

बाल्टोरो ६० किलोमीटरहून लांब आहे. तिचा खालचा भाग कडे कोसळून आलेल्या दगडांनी झाकलेला आहे. लांबून तो नुसता मुरमाड उतार वाटतो. वर चालले की भेगांत बर्फ दिसतो. उर्दुकासच्या वरच्या उतारावर चढल्यावर त्यांना के-टू दिसले. त्याच्या दक्षिणेकडचा बर्फ बाल्टोरोत, म्हणजेच अखेर सिंधूत उतरतो, हे स्पष्ट झाले.

याचे महत्त्व काय?

स्कर्दूच्या खोऱ्यात पाऊस फार थोडा. तिथली शेती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर चालते. बर्फ कुठे आहे हे कळणे म्हणजे पाणी कुठून येते हे कळणे.

शिखराला त्यांचे नाव का नाही?

१८८८ मध्ये तसा प्रस्ताव आला, पण सर्वेक्षण खात्याने तो स्वीकारला नाही. के-टूच्या पायथ्याची एक हिमनदी मात्र त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे ते भूतान आणि ईशान्य भारतात फिरले, गोगलगायींचे अभ्यासक झाले. १८७७ मध्ये निवृत्त झाले, १८८० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २ डिसेंबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज उपग्रह असताना अडचण काय?

उघडा बर्फ उपग्रहाच्या चित्रात चटकन ओळखू येतो. दगडांखालचा येत नाही. ‘रॉक ग्लेशियर’ तर आणखी फसवे. त्यात दगडगोट्यांच्या फटींत बर्फ असतो आणि सारा ढिगारा अगदी हळू खाली सरकतो. त्याचे तीव्र उताराचे टोक आणि पाठीवरच्या वळ्या पाहून, रडारने हालचाल मोजून अभ्यासक तो ओळखतात. तो नकाशातून सुटला, तर कोरड्या खोऱ्यांतले तेवढे पाणी हिशेबाबाहेर राहते. म्हणूनच गॉडविन-ऑस्टेन यांच्यासारखी प्रत्यक्ष जागेवरची पाहणी आजही थांबलेली नाही.