शिंपल्यांचे अभ्यासक : स्टीफन हिस्लॉप

अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेला गाविलगडचे डोंगर आहेत. त्यांचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हारस. असा पाषाण महाराष्ट्रात दूरवर पसरला आहे. तो केव्हा तयार झाला असेल? नागपूरच्या एका शिक्षकाने हा प्रश्न सोडवण्यासाठी लहान लहान शिंपल्यांची मदत घेतली. त्यांचे नाव स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ख्रिस्ती धर्मप्रचारक म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले. तेथे त्यांनी शाळा काढली. फुरसत मिळाली, की सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर ते दगड तपासत हिंडत. नागपूरजवळ टाकळी येथे त्यांना जीवाश्म सापडले. ते गोड्या पाण्यातील प्राण्यांचे होते. म्हणजे लाव्हारसाचे उद्रेक थांबत, तेव्हा तेथे तळी साचत असत.

आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळही काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये शिंपले सापडले. हिस्लॉप यांनी तेही तपासले. आतला जीव केव्हाच नाहीसा झाला होता. उरले होते फक्त कवच. मग शिंपला ओळखायचा कसा? त्याचा आकार कसा आहे, दोन्ही झडपा सारख्या आहेत का, बाहेरच्या रेषा कशा आहेत, बिजागरीजवळ दाते किती आहेत, हे सारे ते बारकाईने पाहत. त्यांत कॉर्ब्युला नावाची चिमुकली शिंपली होती. तिची एक झडप मोठी आणि दुसरी लहान असते. ती समुद्रात किंवा खाडीत राहते. त्यामुळे राजमहेंद्रीजवळ त्या काळी खारे पाणी होते, हे कळले.

या शिंपल्यांची वर्णने १८६० साली लंडनमध्ये छापली गेली. हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक युगाच्या आरंभीचे ठरवले. आज लाव्हारसाचे हे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे मानतात. तृतीयक युगाचा आरंभही त्याच सुमाराचा! दगडाचे वय मोजण्याचे यंत्र नसतानाही हिस्लॉप सत्याच्या इतके जवळ पोहोचले होते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांनी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहिली आणि बोरीची शाळा तपासली. अंधारात ते घोड्यावरून परत निघाले. वाटेत नाल्याला पूर आला होता. घोडा एकटाच परतला. हिस्लॉप पाण्यात बुडून मरण पावले.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांची आठवण करून देते.

शब्दार्थ : पाषाण – दगड, जीवाश्म – दगडात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष, शिळावर्तुळ – गोलाकार मांडलेले मोठे दगड.

स्वाध्याय : हिस्लॉप शिंपले कसे ओळखत? राजमहेंद्रीजवळ खारे पाणी होते, हे कशावरून कळले?