रोज एक मिलिमीटर

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, ताईचा धाकटा मुलगा मला गच्चीवर घेऊन गेला. फराळ झाला होता, खाली बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि हा मात्र सकाळपासून गप्प गप्प. वय सत्तावीस, इंजिनीअर, नोकरी चांगली, स्वभाव लाखात एक. उंची पाच फूट तीन इंच. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने माझ्यापुढे धरला. ज्याने उभा जन्म बँकेत काढला त्याला असा कागद उलगडण्याआधीच कळतो. ते खर्चाचं अंदाजपत्रक होतं. दोन्ही पायांची हाडं कापून, ती हळूहळू ताणून, उंची तीन इंचांनी वाढवून घेण्याचं. मामा, यासाठी कर्ज कसं मिळेल, एवढंच त्याला विचारायचं होतं. घरात अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मी हसलो नाही. हसण्याचा मला अधिकारही नाही, कारण माझी स्वतःची उंची पाच फूट दोन इंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी कॅशच्या पिंजऱ्यात मी उंच स्टुलावर बसत असे, आणि स्टुलावरून उतरलो की काउंटरपलीकडच्या ग्राहकांना मी कुठे गेलो ते कळत नसे. मूर्ती लहान पण कीर्ती महान ही म्हण मला प्रत्येक निरोप समारंभात ऐकवली गेली आहे. ती म्हणणाऱ्याला गोड वाटते. ऐकणाऱ्याला कशी वाटते ते आम्हा ठेंगण्यांनाच ठाऊक. भाच्याला तर तीन ठिकाणांहून नकार आले होते, आणि तिन्ही वेळा पत्रिका जुळली होती.

मी त्याच्याकडून महिन्याची मुदत मागून घेतली. कर्ज मंजूर करण्यापूर्वी धंद्याचा पूर्वेतिहास पाहायचा, ही जुनी सवय. या धंद्याचा इतिहास शोधता शोधता मी जाऊन पोहोचलो थेट सैबेरियात, कुर्गान नावाच्या गावी, एका डॉक्टरच्या दारात. गाव्रिइल अब्रामोविच इलिझारोव्ह हे त्याचं नाव. जगभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांना ते तोंडपाठ आहे. आपल्याकडेही एखाद्याच्या पायाभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा दिसला की डॉक्टर लोक त्याला इलिझारोव्हच म्हणतात. माणसाचं नाव अवजाराला मिळालं आणि माणूस मात्र मागे राहिला, असं झालं आहे.

इलिझारोव्हचा जन्म १५ जून १९२१ रोजी पोलंडमधल्या ब्यालोव्येझा या गावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. तो लहान असतानाच कुटुंब वडिलांच्या मुलखात, कॉकेशसच्या डोंगराळ भागातल्या कुसार या गावी येऊन राहिलं. भावंडांत हा थोरला. गरिबी अशी, की शाळेचं तोंड त्याने पाहिलं तेच अकरा-बाराव्या वर्षी. आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसण्याऐवजी त्याने इयत्तांमागून इयत्ता भराभर मागे टाकल्या आणि वयाच्या मानाने योग्य त्या वर्गात जाऊन बसला. लहानपणी एकदा विषबाधा झाली असता गावच्या वैद्यकीय साहाय्यकाने त्याला वाचवलं आणि तेव्हापासून डॉक्टर व्हायचं त्याच्या मनाने घेतलं, असं सांगतात.

१९३९ मध्ये तो क्रिमियातल्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला. दोन वर्षांत युद्ध येऊन धडकलं. जर्मन फौजा पुढे सरकू लागल्या तसं सगळं महाविद्यालय उचलून कझाकस्तानात किझिलओर्दाला हलवलं गेलं. तिथेच १९४४ मध्ये तो डॉक्टर झाला आणि नेमणूक मिळाली ती सैबेरियाच्या उंबरठ्यावरच्या कुर्गान प्रांतातल्या एका खेड्यात. वय तेवीस. आसपासच्या कितीतरी गावांना मिळून डॉक्टर हा एकटाच. बाळंतपण असो, दातदुखी असो की फुगलेलं आंत्रपुच्छ, सगळं त्यालाच पाहावं लागे. हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाडीतून बर्फ तुडवत रुग्णाकडे जायचं.

युद्ध संपलं आणि माणसं घरी परतू लागली, पण ती धड परतली नव्हती. गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांनी मोडलेली हाडं वर्षवर्ष जुळत नव्हती. त्या काळचा उपाय म्हणजे प्लॅस्टर घालायचं आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहायचं. प्लॅस्टर निघे तेव्हा हाड कधी वाकडं जुळलेलं असे, कधी जुळलेलंच नसे, आणि सांधे आखडून गेलेले असत. शेतावर राबणाऱ्याचा पाय गेला म्हणजे त्याचं घर बसलं. हे त्या तरुण डॉक्टरला रोज दिसत होतं. उपकरणं नव्हती, ग्रंथालय नव्हतं, विचारायला वरिष्ठही नव्हता. या अभावाचा एक फायदा मात्र झाला. हे अशक्य आहे, असं त्याला सांगणारंही तिथे कुणी नव्हतं.

त्याच्या मनात आलेली कल्पना सुताराला किंवा लोहाराला चटकन कळावी अशी होती. मोडलेल्या हाडाच्या दोन्ही तुकड्यांतून बारीक पोलादी तारा एकमेकींना छेदून आरपार घालायच्या, त्या ताणून पायाभोवतीच्या धातूच्या कड्यांना घट्ट बसवायच्या आणि ती कडी लांब दांड्यांनी एकमेकांना जोडायची. सायकलचं चाक आठवा. आरे किती बारीक असतात, पण ताणलेले असल्यामुळे अख्ख्या माणसाचा भार पेलतात. पायाचंही तसंच. तुकडे जागचे हलत नाहीत, आणि रुग्ण दुसऱ्यातिसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन उभा राहतो. घोड्याच्या मानेवरची लाकडी कमान पाहून त्याला हे सुचलं, अशी एक आख्यायिका आहे. पहिले प्रयोग त्याने मोडक्या झाडूच्या दांड्यावर केले, अशी दुसरी. १९५० च्या सुमारास तो कुर्गान शहरात आला, १९५२ मध्ये उपकरणाच्या हक्कासाठी अर्ज केला आणि १९५४ मध्ये प्रमाणपत्र हाती पडलं.

पण खरा शोध पुढेच होता. सांगतात ते असं, की दांड्यांवरचे नट आवळून हाडाचे तुकडे जवळ आणायचे होते, आणि एका रुग्णाने ते उलटे फिरवले. तुकडे जवळ येण्याऐवजी दूर गेले. इलिझारोव्हने क्ष-किरण चित्र पाहिलं तेव्हा मधल्या फटीत नवं हाड धरू लागलेलं दिसलं. गोष्ट खरी असो वा रचलेली, पुढची वर्षं त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून त्यातला नियम शोधून काढला. जिवंत ऊती हळूहळू आणि सतत ताणली तर ती तुटत नाही, वाढते. हाड कापायचं, पाच-सात दिवस थांबायचं आणि मग रोज एक मिलिमीटर ओढायचं. तेही एकदम नव्हे, पाव-पाव मिलिमीटर असं दिवसातून चार वेळा. यापेक्षा घाई केली तर हाड धरत नाही. फार सावकाश गेलं तर फट वेळेआधीच बुजते. म्हातारी माणसं व्याजाबद्दल सांगतात तेच हे.

राजधानीतल्या बड्या प्राध्यापकांना हे पटणं शक्य नव्हतं. कुठल्या कोपऱ्यातला खेडवळ डॉक्टर, अंगावर पांढरा कोट आणि हातात पाना! त्याला फिटर म्हणून हिणवलं गेलं. पण रुग्ण पायी चालत परत येत होते, आणि त्याला उत्तर नव्हतं. १९६८ मध्ये पर्म इथे तो प्रबंधाचा बचाव करायला उभा राहिला. अर्ज होता खालच्या पदवीचा. परीक्षकांनी ती ओलांडून थेट वरची, डॉक्टर ऑफ सायन्सेसची पदवी त्याला दिली.

त्याच वर्षी त्याच्याकडे व्हालेरी ब्रुमेल आला. १९६३ मध्ये २.२८ मीटरचा जागतिक विक्रम आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवणारा हा उंच उडीवाला १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सापडला होता. पाय राहिला होता, पण शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळत नव्हतं आणि पाय आखूड झाला होता. इलिझारोव्हने हाड जुळवलं, पायाची लांबी भरून काढली, आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरपेक्षा उंच उडी मारून दाखवू शकला. सोव्हिएत देशाच्या कानाकोपऱ्यातून कुर्गानकडे रीघ लागली. संगीतकार शोस्ताकोविचही आपल्या दुबळ्या झालेल्या हातावर उपचार घ्यायला १९७० मध्ये तिथे येऊन राहिला.

बाहेरच्या जगाला मात्र याचा पत्ता नव्हता. तो लागला कार्लो माउरीमुळे. हा इटालियन गिर्यारोहक १९५८ मध्ये काराकोरममधलं गाशरब्रुम चार हे शिखर प्रथम सर करणाऱ्या दोघांपैकी एक. पुढे पाय मोडला, तो कधी नीट जुळलाच नाही. हेयेर्दालच्या पपायरसच्या नावेवरचा त्याचा सोबती, सोव्हिएत डॉक्टर सेंकेविच, याने त्याला कुर्गानची वाट दाखवली. १९८० मध्ये माउरी तिथे गेला आणि बरा होऊन परतला. त्याचा पाय पाहून इटलीतले डॉक्टर थक्क झाले. १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्हला बेलाजिओच्या परिषदेत बोलावलं, आणि साठीच्या या माणसाने पोलादी पडद्याबाहेर पहिलं व्याख्यान दिलं. तिथून ही पद्धत जगभर गेली, आपल्याकडेही आली आणि पोलिओने आखूड झालेल्या कित्येक पायांना जमीन लागली.

मोकळ्या वेळात पत्त्यांचे नि हातचलाखीचे खेळ करून दाखवणारा हा हौशी जादूगार २४ जुलै १९९२ रोजी कुर्गानमध्येच वारला. मॉस्कोला जाऊन बसणं त्याला शक्य होतं. तो गेला नाही. त्याच्या नावाची संस्था आजही तिथेच आहे.

हे सगळं वाचताना भाच्याचा कागद माझ्या टेबलावर होता. इलिझारोव्हने जे घडवलं ते लंगडणाऱ्याला चालतं करण्यासाठी, हे उघड आहे. पण गरज आणि हौस यांच्यामधली रेघ मी समजत होतो तितकी ठळक नाही. कुर्गानमध्ये जन्मतः खुजेपण असलेल्यांचीही हाडं वाढवली गेली, आणि ज्याचा हात बसच्या दांडीपर्यंत पोहोचत नाही त्याची ती गरजच. मग ज्याला तीनदा नाकारलं गेलं त्याचं दुःख खोटं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? कर्जाच्या अर्जात हेतू नावाचा एक रकाना असतो. त्यात त्याने काय लिहावं, हे मला सुचेना.

म्हणून मी हिशेब मांडला. तीन इंच म्हणजे सुमारे पंचाहत्तर मिलिमीटर. म्हणजे पंचाहत्तर दिवस नुसते ओढण्याचे. त्यानंतर नवं हाड कठीण होण्याचे कितीतरी महिने. आता हाडाच्या आत बसणारे नवे खिळे आले आहेत, त्यांनी बाहेरचा पिंजरा टळतो. पण हाडाचा वेग त्यांनाही वाढवता आलेला नाही. हाड वाढतं, पण स्नायू नि नसा कुरकुरत मागून येतात. घोटे नि गुडघे आखडू शकतात, टाच जमिनीला टेकेनाशी होऊ शकते, तारांच्या छिद्रांतून जंतू शिरू शकतात. आणि वाढतात ते पाय. धड आणि हात तेवढेच राहतात. चीनमध्ये बिघडलेल्या पायांच्या तक्रारी इतक्या झाल्या की २००६ मध्ये सरकारने केवळ उंचीसाठी होणाऱ्या या शस्त्रक्रियेवर बंदी घातली. कागदावर यातलं काही नव्हतं. तिथे फक्त रक्कम होती.

आणि मला आणखी एक गोष्ट दिसली, जी बँकवाल्यालाच दिसावी. या कर्जाला एक जामीनदार होता. ते महिने याला उठवणार कोण, न्हाणीघरात नेणार कोण, रात्री ठणकलं की जागणार कोण? ताई. तिची सही तिला न विचारताच गृहीत धरली होती.

महिना संपल्यावर भाचा आला. मी त्याला इलिझारोव्हची गोष्ट सांगितली, मग हिशेब दाखवला. हो किंवा नाही मी म्हणालो नाही. पाय त्याचे आहेत. दोनच अटी घातल्या: ज्याने अंदाजपत्रक दिलं त्याच्याखेरीज दुसऱ्या एका जाणत्या अस्थिरोगतज्ज्ञाला भेटायचं, आणि त्याआधी आईला सांगायचं. तो बराच वेळ त्या पंचाहत्तरच्या आकड्याकडे पाहत बसला.

त्या रात्री ताईचा फोन आला. आधी ती माझ्यावर रागावली, मग रडली आणि मग हळू आवाजात कबूल केलं, की स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढायला त्याला मोढा घ्यावा लागला की आपणच चेष्टा करायचो. लहानपणापासून करत आलो. त्याला लागत असेल असं कधी वाटलंच नाही.

दुसऱ्या डॉक्टरची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. भाचा आणि ताई दोघं मिळून जाणार आहेत. कागद माझ्या खणात आहे. तो मंजूरही झालेला नाही आणि फेटाळलाही गेलेला नाही. काही अर्जांना वेळ द्यावा लागतो, रोज थोडाथोडा.