ऑड्युबॉन आणि त्याचे बिऱ्हाडकरू

पक्षिप्रेमी म्हटला की अंगणात दाणापाणी ठेवणारा एखादा सौम्य गृहस्थ आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. जॉन जेम्स ऑड्युबॉन तसा नव्हता. अमेरिकेतील पक्षिरक्षणाची एक मोठी संस्था आज त्याच्या नावाने चालते. पण त्याने काढलेली बहुतेक चित्रे बंदुकीने टिपलेल्या पक्ष्यांवरून काढलेली आहेत. मेलेला पक्षी तारांच्या आधाराने फळ्यावर जिवंतासारखा बसवायचा आणि त्याचा जीवनाकार उतरवायचा, ही त्याची पद्धत.

त्याचा जन्म २६ एप्रिल १७८५ चा, वेस्ट इंडीजमधील फ्रेंच वसाहतीतला. तो मुलूख म्हणजे आजचे हैती. बाप फ्रेंच दर्यावर्दी. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते आणि आई तो तान्हा असतानाच वारली. पुढे फ्रान्समध्ये सावत्र आईने त्याला लाडाकोडात वाढवले. १८०३ साली नेपोलियनच्या सक्तीच्या लष्करभरतीतून सुटावे म्हणून बापाने त्याला पेन्सिल्व्हेनियातील आपल्या मळ्यावर धाडले. तेथे शेजारच्या ल्युसी बेकवेलशी त्याची गाठ पडली आणि १८०८ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे केंटकीत दुकानदारी केली, गिरणी काढली. पण दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेले असताना हे महाशय रानात! हेंडरसन गावी त्याच्या पदरी गुलाम होते आणि त्यांची विक्रीही त्याने केली, हेही येथे नोंदवले पाहिजे. १८१९ साली दिवाळे वाजले, कर्जापायी काही काळ तुरुंग पाहावा लागला. मग ल्युसीने शिकवण्या करून संसार चालवला आणि तो मिसिसिपीच्या काठाने पक्षी रंगवत फिरला.

ह्या भटकंतीत त्याला ठिकठिकाणी भेटला तो पर्पल मार्टिन. हा आपल्या भिंगरीच्या कुळातला पक्षी, उत्तर अमेरिकेतील भिंगऱ्यांमध्ये सर्वांत मोठा. नर काळसर जांभळा, चकचकीत. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून वसंतात तो उत्तरेला येतो आणि माणसाने दिलेल्या घरात बिऱ्हाड करतो. ऑड्युबॉनच्या नोंदींप्रमाणे फेब्रुवारीच्या आरंभी तो न्यू ऑर्लिन्सला दिसू लागे. त्या काळी जवळजवळ प्रत्येक खेड्यातल्या खाणावळीच्या पाटीवर मार्टिनसाठी लाकडी पेटी असे. पेटी जितकी देखणी तितकी खाणावळ चांगली, असा ह्या अनुभवी प्रवाशाचा आडाखा होता. रेड इंडियन लोक आपल्या तळाजवळ फांदीला पोकळ भोपळा टांगत. त्यात राहणारा मार्टिन वाळत घातलेल्या हरणाच्या मांसावर उतरणाऱ्या गिधाडांना पिटाळून लावी. दक्षिणेतले गुलाम त्याहून अधिक हौस करीत: भोपळा नीट कोरून, दलदलीतून आणलेल्या लवचिक बोरूच्या टोकाला बांधून तो झोपडीशेजारी उभा करीत. स्वतःचे म्हणण्यासारखे घर नसलेल्यांनी पाखराला घर द्यावे! हा भोपळा आपल्या दुध्याच्याच जातीचा, वाळवून ज्याचा तुंबा करतात तोच. ऑड्युबॉनने मार्टिनचे चित्र काढले तेव्हा असाच एक भोपळा त्यात रंगवला.

लुइझियानातील एका मित्राच्या घराची हकिगत त्याने लिहून ठेवली आहे. छज्जाखालच्या भोकांत मार्टिन वर्षानुवर्षे पिल्ले काढीत. त्यांच्याबरोबर घरात किडे येऊ लागले तेव्हा मालकाने सुतार लावून भोके बुजवली. पक्षी वेडेपिसे झाले, सापडेल त्या फटीत काड्या खुपसू लागले, हाकलले की पुन्हा येऊ लागले. अखेर हंगाम निघून चालला तसे ते सुतारपक्ष्यांच्या जुन्या ढोलींत गेले. पुढच्या वसंतात मालकाने त्यांच्यासाठी वेगळे घर उभारले.

स्वतः ऑड्युबॉनचा प्रसंग मात्र असा शेवटास गेला नाही. घराजवळच्या कुंपणात त्याने खांबावर मोठी ऐसपैस पेटी बसवली होती आणि काही वर्षे तेथे मार्टिनच्या जोड्या नांदत होत्या. एका हिवाळ्यात ब्लूबर्ड नावाच्या लहान निळ्या पक्ष्यांसाठी त्याने छोट्या पेट्याही टांगल्या. वसंतात मार्टिन आले आणि स्वतःचा वाडा सोडून त्या छोट्या पेट्यांवरच त्यांनी कब्जा केला. एका ब्लूबर्डचे घरटे पुरे होत आले होते. तो शर्थीने झुंजला, पण मार्टिनचा मार जबर. यजमानाला हे सहन होईना. त्याने झाडावर चढून मार्टिनला धरले आणि कात्रीने त्याची शेपटी छाटली. सोडताच पक्षी सरळ पेटीत! पुन्हा धरले, पंखांची टोके कापली, उडून पोट भरता येईल इतपतच. तरी तो पेटी सोडीना. तेव्हा रागाच्या भरात ऑड्युबॉनने त्याची अशी वासलात लावली की तो त्या परिसरात पुन्हा दिसला नाही. पक्षी मेला असे त्याने स्पष्ट लिहिलेले नाही, पण वाचणाऱ्याला काय ते कळते. हे त्याने झाकून ठेवले नाही, छापले, याचे मला आश्चर्य वाटते. पश्चात्तापाचा शब्द मात्र कुठे नाही.

१८२६ साली चित्रांची बाडे घेऊन तो इंग्लंडला गेला. तेथे त्याचे नशीब उघडले. १८२७ ते १८३८ या काळात ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ची ४३५ भव्य चित्रे छापून निघाली. त्यात २२ वे चित्र मार्टिनचे. हडसनकाठी घर बांधून तो राहिला आणि २७ जानेवारी १८५१ रोजी वारला. विधवा ल्युसीपाशी शिकलेल्या जॉर्ज ग्रिनेलने १८८६ मध्ये पहिली ऑड्युबॉन सोसायटी काढली. गुलामगिरीमुळे त्याचे नाव काढून टाकावे की नाही यावर अलीकडे वाद झाला. राष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये नाव कायम ठेवले, काही शहरांतील शाखांनी ते टाकले.

त्याच्या मृत्यूच्या सुमारास युरोपातून आणलेल्या चिमण्या, म्हणजे आपल्या वळचणीतली तीच चिमणी, ब्रुकलिनमध्ये सोडण्यात आल्या. १८९० मध्ये न्यूयॉर्कला स्टारलिंगही आले. दोघेही भोकांत घरटी करणारे. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील मार्टिन तर आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरांवर आणि भोपळ्यांवर अवलंबून आहेत. त्यांना इजा करणे आज कायद्याने गुन्हा आहे; चिमणी आणि स्टारलिंग यांना ते संरक्षण नाही. म्हणून मार्टिन पाळणारी मंडळी दाराचे भोक चंद्रकोरीसारखे चपटे कापतात. त्यातून मार्टिन आत जातो, स्टारलिंग अडकतो. चिमणी लहान असल्यामुळे तिला ते अडवू शकत नाही. तिचे घरटे हाताने उपसून काढावे लागते, आणि ती पुन्हा चोचीत काडी घेऊन दारात हजर असते.