स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, १८१७ - ४ सप्टेंबर, १८६३) हे नागपूर येथे कार्य केलेले स्कॉटिश ख्रिस्ती मिशनरी, शिक्षक व भूशास्त्रज्ञ होते. नागपूर परिसरातील जीवाश्मांचा त्यांनी केलेला अभ्यास भारतीय भूशास्त्राच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत गणला जातो.

== जीवन ==
हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले. या नव्या चर्चने हिस्लॉप यांना भारतात पाठविले. १८४४च्या अखेरीस ते मुंबईस आले आणि १८४५मध्ये नागपूरला पोहोचले. तेव्हा नागपुरावर तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते. १८४६ साली हिस्लॉप यांनी तेथे शाळा काढली. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी होते. पुढे मायदेशी परतल्यावर हंटर कोशकार म्हणून प्रसिद्ध झाले.

== धर्मग्रंथ आणि भूशास्त्र ==
आधुनिक भूगोल व खगोलशास्त्र शिकविले की पुराणांतील मेरू पर्वत आणि सप्तसमुद्र यांवरील विद्यार्थ्यांचा विश्वास आपोआप ढळेल, अशी त्या काळच्या मिशनरी शिक्षणामागील एक धारणा होती. मात्र हेच शास्त्र बायबललाही अडचणीचे प्रश्न विचारीत होते. आर्चबिशप अशर यांच्या गणनेनुसार सृष्टीची निर्मिती इ.स.पू. ४००४ मध्ये झाली. हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापले जात असल्याने अनेक वाचकांना ते मूळ ग्रंथाचाच भाग वाटे.

हिस्लॉप ज्या चर्चचे होते, त्यात या गणनेचा आग्रह सर्वांनी धरला नव्हता. फ्री चर्चचे नेते टॉमस चामर्स यांनी उत्पत्तीच्या पहिल्या वचनानंतर अमर्याद काळ लोटला असावा, असे १८१४मध्येच मांडले होते. त्याच चर्चशी संबंधित असलेले भूशास्त्रलेखक ह्यू मिलर यांनी सृष्टीच्या सहा दिवसांचा अर्थ सहा प्रदीर्घ युगे असा लावला. दोन्ही तोडग्यांत वचन कायम राहून कालगणना बदलत होती. शब्दांची ओढाताण दोहोंत होतीच, पण त्यामुळे श्रद्धावान अभ्यासकांना खडकांकडे निःशंकपणे पाहता आले.

मुंबईपासून पसरत गेलेला दख्खनचा काळा बेसाल्ट नागपूरजवळ संपतो. या सीमेवर १८५१ साली टाकळी येथे हिस्लॉप व हंटर यांना बेसाल्टाशी निगडित असलेल्या पातळ थरात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आढळले. पुढे त्यांनी फळे, बिया, लाकूड, माशांचे अवशेष व भुंग्यांचे पंख गोळा केले. दक्षिणेकडील मंगळी येथे त्यांना एका लुप्त उभयचराची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात १८५५ साली या दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. थरांचे वय ठरविताना त्यांनी जीवाश्मांच्या तुलनेचा आधार घेतला, बायबलमधील वचनांचा नव्हे. जलप्रलयाने हे शंख वाहून आणले, असे म्हणण्यासही येथे जागा नव्हती, कारण ते तळ्यात राहणाऱ्या जीवांचे होते.

हे थर दोन लाव्हा-उद्रेकांमधील शांत काळात तळ्यांच्या तळाशी साचले, हे नंतरच्या सर्वेक्षणांतून स्पष्ट झाले. हिस्लॉप यांनी त्यांना तृतीय कल्पात घातले होते. आज त्यांपैकी पुष्कळ थरांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, म्हणजे तृतीय कल्पाच्या सीमेवरचे मानले जाते. साधनांचा तुटवडा पाहता हा अंदाज फारसा चुकला नव्हता, असेच म्हणावे लागेल.

== गोंडांचा अभ्यास व मृत्यू ==
हिस्लॉप यांनी गोंडांची भाषा व चालीरीती यांची टिपणे केली आणि त्यांच्या उत्पत्तीची लिंगोकथाही लिहून घेतली. ४ सप्टेंबर, १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून एकटे परतत असताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली.

नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय (स्थापना १८८३) त्यांच्या नावाने ओळखले जाते. हिस्लोपाइट या हिरवट कॅल्साइटाला त्यांचे नाव सॅम्युएल हॉटन यांनी दिले. डब्लिनचे हे भूशास्त्राचे प्राध्यापकही दीक्षित धर्मगुरूच होते.