दान हीच उपासना मानणारे जॉन वेस्ली

१७८५ सालचा जानेवारी महिना. लंडनच्या रस्त्यांवर वितळत्या बर्फाचे पाणी घोट्यापर्यंत साचले होते. त्या पाण्यातून ८१ वर्षांचे एक वृद्ध धर्मोपदेशक सलग पाच दिवस दारोदार फिरत होते. गोरगरिबांना थंडीत अंगभर कपडे मिळावेत, यासाठी त्यांनी २०० पौंड गोळा केले. हे वृद्ध गृहस्थ म्हणजे मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली. प्रार्थना आणि प्रवचन यांच्याइतकेच दानही ईश्वराच्या उपासनेचे अंग आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर आचरणात आणला.

इंग्लंडमधील एपवर्थ या गावी १७०३ साली वेस्ली यांचा जन्म झाला. वडील सॅम्युअल हे तेथील धर्मगुरू होते. घरात मुले पुष्कळ आणि उत्पन्न तुटपुंजे. १७०५ साली तर कर्ज न फेडल्यामुळे वडिलांना लिंकनच्या तुरुंगात जावे लागले. दारिद्र्याचा अनुभव वेस्ली यांना असा घरातच मिळाला.

पुढे ऑक्सफर्डला शिक्षण आणि अध्यापन करीत असताना त्यांच्या मनाला एक प्रसंग लागून राहिला. खोलीच्या भिंतींसाठी त्यांनी चित्रे घेतली होती. अशातच कडाक्याच्या थंडीत एक गरीब मुलगी पातळ वस्त्रांत त्यांच्यापुढे आली. तिला देण्यासाठी खिशात फारसे काही उरले नव्हते. भिंती सजविण्यात गेलेला पैसा त्या मुलीच्या अंगावरचे ऊबदार वस्त्र होऊ शकला असता, ही टोचणी त्यांना लागली.

त्यानंतर त्यांनी खर्चाला मर्यादा घातली. आपल्या एका प्रवचनात त्यांनी ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. त्याचे उत्पन्न ३० पौंड होते. त्याने २८ पौंडांत भागविले आणि दोन दान केले. दुसऱ्या वर्षी ६०, तिसऱ्या वर्षी ९० आणि चौथ्या वर्षी १२० पौंड मिळाले, तरी त्याचा खर्च २८ पौंडच राहिला. चौथ्या वर्षी त्याने ९२ पौंड देऊन टाकले. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते.

या आचरणामागे निश्चित धर्मविचार होता. मनुष्य हा संपत्तीचा मालक नसून देवाने नेमलेला कारभारी आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे दशांश दिला म्हणजे कर्तव्य संपले, हे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक खर्चापूर्वी, हा खर्च येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाला अर्पण म्हणून वाहता येईल काय, असे स्वतःला विचारावे, अशी शिकवण त्यांनी दिली. भरपूर मिळवावे, भरपूर वाचवावे आणि भरपूर द्यावे, ही त्यांची त्रिसूत्री प्रसिद्ध आहे.

१७३९ पासून त्यांनी उघड्या मैदानांवर प्रवचने सुरू केली. खाणकामगार आणि कष्टकरी त्यांच्याभोवती जमले. त्यांच्याही दानाला वेस्ली यांनी स्थान दिले. ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ साली प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी देण्याची प्रथा पडली. १७४६ साली त्यांनी गरिबांसाठी मोफत औषधालय काढले. त्याच वर्षी अल्प कर्जाचा निधीही उभारला. त्यातून गरजूंना २० शिलिंगांपर्यंत रक्कम मिळे आणि ती तीन महिन्यांत परत करावी लागे. निराधार विधवांसाठी चालविलेल्या घरात ते स्वतः त्यांच्याच पंक्तीला बसून तेच अन्न घेत.

१७७६ साली करखात्याने त्यांच्याकडे चांदीच्या भांड्यांची चौकशी केली. आपल्याजवळ लंडनला दोन आणि ब्रिस्टलला दोन असे चांदीचे चार चमचेच आहेत आणि भोवतालच्या लोकांना भाकरी मिळत नसताना आणखी घेणार नाही, असे त्यांनी कळविले.

उतारवयात मात्र एक खंत त्यांना अस्वस्थ करीत राहिली. मेहनत आणि काटकसर यांमुळे त्यांचे अनुयायी संपन्न होत होते. मिळविणे आणि वाचविणे त्यांनी उचलले, पण देण्याकडे पाठ फिरविली. संपत्तीबरोबर भक्ती आटते, असा इशारा वेस्ली यांनी अखेरच्या वर्षांतील प्रवचनांतून वारंवार दिला. त्यांच्या चळवळीने पुढे जगभर विस्तार केला. हा इशाराही तिच्याबरोबर गेला.

२ मार्च १७९१ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लंडनमध्ये वेस्ली यांचे निधन झाले. आपल्या अंत्ययात्रेला शववाहिका किंवा घोडागाडी नको, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. आपला देह सहा गरीब माणसांनी वाहून न्यावा आणि त्यांना प्रत्येकी एक पौंड द्यावा, अशी त्यात तरतूद होती.