कितागावा उतामारो : क्योका, चित्र आणि शासन

अठराव्या शतकातील एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरात काष्ठमुद्राचित्र केवळ पाहिले जात नसे, ते वाचलेही जाई. चित्रकाराची रेषा कोरक्या चेरीच्या लाकडावर उतरवी, मुद्रक ती कागदावर उमटवी; खर्च आणि जोखीम मात्र प्रकाशकाची असे. कितागावा उतामारोला पुढे आणले ते त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाने.

उतामारो हा चित्रकार तोरियामा सेकिएन याचा शिष्य. १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे कीटकांचे चित्रपुस्तक हे मूलतः ‘क्योकां’चे संकलन होते. क्योका म्हणजे एकतीस अक्षरांची, श्लेष व विडंबन यांवर उभी असलेली कविता. कवींनी कीटकांच्या निमित्ताने प्रेमभावना मांडली. उतामारोने चतुर, फुलपाखरू, बेडूक सूक्ष्म निरीक्षणाने रेखाटले. शब्दाचा दुहेरी अर्थ आणि डोळसपणे पाहिलेली वस्तू यांचा हा शेजार त्याच्या पुढील कलेचा पाया ठरला.

१७९१ मध्ये सान्तो क्योदेन या लेखकाच्या पुस्तकांवरून शासनाने त्सुतायाची निम्मी मालमत्ता जप्त केली. तरीही पुढील काही वर्षांतच उतामारोची स्त्रीचित्रे गाजली. वांगे सोलणारी, फुंकणीने चूल फुंकणारी, मुलाला पाजणारी स्त्री चित्रविषय झाली. आसाकुसाच्या मंदिराजवळील चहाच्या दुकानातील ओकिता त्याच्या चित्रांमुळे शहरभर ओळखली जाऊ लागली.

१७९३ मध्ये गणिकांखेरीज अन्य स्त्रियांची नावे चित्रांवर छापण्यास बंदी आली. तेव्हा उतामारोने नावाच्या जागी चित्रकोडे योजले. पालेभाजीच्या दोन जुड्या, बाण, खुला समुद्र आणि शेत यांचे जपानी उच्चार जोडले की ‘नानिवाया ओकिता’ हे नाव सिद्ध होई. क्योकातील श्लेष येथे शब्द सोडून चित्रात आला आणि वाचक त्यात सहभागी झाला. १७९६ मध्ये अशा कोड्यांवरही बंदी घालण्यात आली.

१८०४ मध्ये सोळाव्या शतकातील सत्ताधीश हिदेयोशी याला पत्नी व उपस्त्रियांसह चित्रित केल्याबद्दल उतामारोला अटक झाली आणि पन्नास दिवस हातात बेड्या घालून राहावे लागले. १८०६ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

चूल, चहाचे दुकान, तान्हे मूल हे त्याचे विषय वरकरणी निरुपद्रवी. परंतु सामान्य स्त्रीला तिच्या नावानिशी चित्रात स्थान देणे शासनाला खपले नाही. उतामारोच्या चित्रांतील काव्यात्मतेचा विचार या संघर्षाला वगळून करता येत नाही.