मापाचा करगोटा : नरहरी सोनार

संतांची चरित्रे आपण बहुधा चमत्कारांसाठी वाचतो. नरहरी सोनारांचे चरित्र मात्र मी प्रथम वाचले तेव्हा चमत्कारापेक्षा मापाचाच विचार मनात अधिक घोळला. दागिना अंगाला बसत नाही, ही या कथेतली खरी अडचण आहे. आणि ती कोणत्याही कारागिराला कळण्यासारखी आहे.

नरहरी सोनार पंढरपूरचे. ज्ञानेश्वर-नामदेवांचा काळ तोच त्यांचा. देवगिरीला यादवांचे राज्य होते. विठ्ठलमंदिराला लोक देणग्या देत होते; शके ११९५ ते ११९९ या काळातील अशा देणग्यांची नोंद तेथील चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात आजही सापडते. म्हणजे सावकाराने देवाला सोन्याचा दागिना करावा, यात त्या काळी नवल नव्हते. नवल होते ते सोनाराचे. नरहरी कट्टर शिवभक्त. मल्लिकार्जुनाची पूजा करावी, दुकानात बसावे, आणि विठ्ठलाच्या देवळाकडे मानही वळवू नये, असा त्यांचा नेम. पंढरपुरात राहून हा नेम पाळणे किती कठीण असेल! आषाढी-कार्तिकीला सारा गाव ज्या दिशेने लोटतो, नेमकी तीच दिशा यांना वर्ज्य.

महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात पुढची हकीकत येते. एका सावकाराला नवसाने मुलगा झाला. विठ्ठलाच्या कमरेला सोन्याचा करगोटा करायचा ठरले आणि काम आले नरहरींकडे, कारण गावात त्यांच्या हाताचा लौकिक मोठा. नरहरींनी काम घेतले, पण देवळात येण्यास साफ नकार दिला. सावकाराने माप आणून द्यावे, त्यावर दागिना घडेल, असा ठराव झाला.

येथे थोडे थांबावेसे वाटते. सोने मुशीत घालावे, टाकणखार टाकावा, फुंकणीने विस्तव फुलवावा. १०६४ अंशांना शुद्ध सोने वितळते. रस साच्यात ओतला की लगड तयार. मग ती ठोकायची, कडक झाली की तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे म्हणजे तोळा. वजनात गुंजभर फरक पडला तरी सोनाराच्या नावाला बट्टा लागतो. एवढ्या कष्टाने घडवलेला करगोटा देवाच्या कमरेला सैल झाला. नरहरींनी तो कमी केला. आता तो आखूड झाला! माप तर तेच, हातही तेच. आमच्या विसरवाडीच्या बाजारात आलेली बाई चांदीची कडी हातात चढवून पाहिल्याशिवाय पैसे सोडत नाही, आणि सोनारही तिला तसे सांगत नाही. दोरीने आणलेले माप ते दोरीचे माप.

अखेर नरहरी देवळात गेले, पण डोळ्यांवर पट्टी बांधून. नेमही मोडायचा नाही आणि काम तर चोख करायचे. मला यात हट्ट दिसतो तसा प्रामाणिकपणाही दिसतो. हातांनी चाचपू लागले तो पाच मुखे, दहा हात, गळ्यात सर्प, कमरेला व्याघ्रचर्म. हे तर आपले शंकर! पट्टी काढली, तर समोर विटेवर कर कटीवर ठेवलेला विठ्ठल. पुन्हा पट्टी, पुन्हा शंकर. शेवटी त्यांना उमगले की नावे दोन, देव एकच. करगोटा मग नीट बसला.

या कथेवरून हरिहरांच्या ऐक्याचे निरूपण सर्वच कीर्तनकार करतात, आणि ते योग्यच आहे. पण मला वाटते, हे ऐक्य नरहरींना वादविवादातून पटलेले नाही. शैव-वैष्णवांचे वाद पंढरपुरात त्यांनी पुष्कळ ऐकले असतील. ते पटले बोटांना. ज्या बोटांना कस आणि जाडी कळायची, त्याच बोटांवर त्यांनी डोळ्यांपेक्षा अधिक विश्वास ठेवला.

पुढे ते वारकरी झाले, पण दुकान सोडले नाही. सावता माळ्यांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, तसेच हे. त्यांच्या नावावरचे अभंग मोजकेच. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अभंगात शेगडी, मूस, हातोडा, कातरी, तराजू अशी सारी हत्यारे देह, त्रिगुण, विवेक, बुद्धी आणि ज्ञान यांची रूपे घेऊन येतात. सोनारकाम न केलेल्याला हा अभंग सुचला नसता.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि यादवांचे अमाप सोने घेऊन गेला. नरहरींच्या हयातीतलीच ही घटना. परंपरेनुसार शके १२३५ मध्ये, म्हणजे इ.स. १३१३-१४ च्या वर्षात, माघ वद्य तृतीयेस त्यांनी देह ठेवला. त्या तिथीला गावोगावचे सोनार आजही त्यांची पुण्यतिथी साजरी करतात.